वसतिगृहातलं पेस्ट कंट्रोल: या चुका टाळा

मे महिन्यात फवारणी झाली, जूनमध्ये मुलं आली आणि झुरळंही आली. मग कंत्राटदाराच्या नावाने खडे फोडले जातात. दोष बहुतेकदा औषधाचा नसतो. स्वयंपाकघरातल्या लहान तपकिरी झुरळाच्या एका कोशात 30-40 अंडी असतात आणि त्या कोशाच्या आत फवारा पोचत नाही. दोन-तीन आठवड्यांनी दुसरा हात मारावाच लागतो. करारात तो लिहून घ्या, तोंडी कबुलीवर राहू नका.

खरं तर भटारखान्यात फवाऱ्यापेक्षा जेल (झुरळं खातात ती विषारी पेस्ट) बरं. बिजागऱ्या, ओट्याखालच्या फटी, फ्रीजच्या मोटारीजवळ बारीक ठिपके पुरतात. पण जेल लावल्यावर कुणीतरी उत्साहाने त्यावरच स्प्रे मारतं किंवा फिनाइलने पुसून घेतं. वास लागलेल्या जेलला झुरळं तोंड लावत नाहीत, पैसे पाण्यात.

उंदरांच्या बाबतीतली चूक मात्र जिवावर बेतते. धान्यात ठेवायच्या गोळ्या, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड, शिपायाच्या हातात देऊन बिळात टाकायला सांगतात. ओल लागली की त्यातून फॉस्फिन वायू सुटतो, फटींतून शेजारच्या झोपायच्या खोलीत शिरतो. त्यावर उतारा नाही. निवासी इमारतीत या गोळ्या आणूच नका, ‘फक्त एकदा’ म्हणूनही नाही.

विषारी वडी ठेवायचीच तर कुलूपबंद डब्यात आणि इमारतीबाहेर, भिंतीच्या कडेने. वडी खाल्लेला उंदीर पाणी शोधत बाहेर जाऊन मरतो, ही विकणाऱ्याची थाप. तो चार-पाच दिवसांनी मरतो, तोही बहुधा छताच्या पोकळीत, आणि मग वासाने वर्ग सोडायची पाळी येते. कोठीत पिंजरा किंवा चिकट पुठ्ठाच ठेवा.

त्याआधी एक काम करा. भर दुपारी कोठीतला दिवा मालवून आत उभे राहा आणि दार लावून घ्या. उंबऱ्याशी उजेडाची रेघ दिसली, तर तोच उंदरांचा रस्ता. पेन्सिल सरकेल एवढी फट लहान उंदराला पुरते. दाराला खालून पत्र्याची पट्टी ठोका (रबर कुरतडतात), पाइपाभोवतीच्या भोकात तारेची जाळी कोंबून वरून सिमेंट लावा. पोती भिंतीपासून हातभर दूर, फळीवर ठेवा.

औषधं कोठीत तर नकोतच, आणि रिकामा डबा ‘चांगला आहे’ म्हणून ठेवून घेऊ नका. 2013 साली बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतल्या जेवणाने 23 मुलं दगावली. तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडलं. रिकामे डबे भोकं पाडून कंत्राटदारालाच परत न्यायला लावा.

साप निघाला तर काठी, फिनाइल, ॲसिड काही नको. मुलांना लांब करा, एकाने नजर ठेवावी, दुसऱ्याने वन विभागाच्या 1926 वर किंवा ओळखीच्या सर्पमित्राला फोन करावा.