दहावीनंतर शाखा कशी निवडावी: निकालाआधी करायची कामं

दहावीचा निकाल लागला की आठ-दहा दिवस घरात लगीनघाई असते. पेढे वाटून होत नाहीत तोवर क्लासवाल्यांचे फोन सुरू होतात, मामा-काका आपापली मतं ऐकवतात, आणि या गडबडीत पुढच्या सहा वर्षांचा निर्णय होऊन जातो. बहुतेक घरांत चुकतो तो क्रम. आधी कॉलेजचं नाव ठरतं, मग शाखा, मग विषय, आणि मुलाला काय झेपेल हा प्रश्न सर्वांत शेवटी. हाच क्रम उलटा करायचा आणि काम जानेवारीतच सुरू करायचं. निकालानंतर फक्त अर्ज भरणं उरलं पाहिजे.

टक्केवारी बाजूला ठेवा, पेपर बाहेर काढा

महाराष्ट्र बोर्डाची टक्केवारी ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ पद्धतीने निघते. सहा विषयांपैकी सर्वाधिक गुणांचे पाच धरले जातात. म्हणजे गणितात 55 असलेल्या मुलाचीही टक्केवारी 90 दिसू शकते, कारण गणितच वगळलं गेलेलं असतं. त्यात अंतर्गत मूल्यमापनाचे 20 गुण बहुतेकांना भरघोस मिळतात. इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या श्रेणीचे वाढीव गुण (अ श्रेणीला 7, ब ला 5, क ला 3) मिळवले की आकडा आणखी फुगतो. प्रवेशाच्या यादीत तो कामाला येतो, शाखा ठरवायला नाही.

त्यापेक्षा शाळेतल्या पूर्वपरीक्षेच्या उत्तरपत्रिका मागून घ्या आणि चार आकडे वेगळे लिहा: बीजगणित 40 पैकी, भूमिती 40 पैकी, विज्ञान भाग 1 आणि भाग 2, तेही प्रत्येकी 40 पैकी. भाग 1 मध्ये भौतिक आणि रसायन असतं, भाग 2 मध्ये मुख्यतः जीवशास्त्र आणि पर्यावरण. भाग 2 मध्ये 35 आणि भाग 1 मध्ये 22 असं चित्र असेल, तर ‘हिला बायोलॉजी आवडतं, डॉक्टर करू’ म्हणण्याआधी एक हिशेब करा. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेच्या 720 गुणांपैकी 180 भौतिकशास्त्राचे आणि 180 रसायनाचे असतात. निम्मा पेपर भाग 1 वाल्या विषयांचा आहे, आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजाही होतो.

बीजगणितात 25 च्या खाली गुण असतील आणि ते आजारपणामुळे किंवा शिक्षक बदलल्यामुळे नसतील, तर अकरावीचं गणित घेण्यापूर्वी खाली दिलेली आठवड्याची चाचणी केल्याशिवाय राहू नका.

एक आठवडा अकरावी जगून पाहा

बालभारतीची अकरावीची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट उतरवून घेता येतात. बोर्डाची परीक्षा संपल्यावर सात दिवस, रोज दोन तास, क्लास न लावता:

विज्ञानाचा विचार असेल तर भौतिकशास्त्राच्या पुस्तकातला गणिती पद्धतींचा धडा घ्या. सदिश (व्हेक्टर) आणि कलनाची (कॅल्क्युलस) तोंडओळख तिथेच होते, आणि पहिल्या सहामाहीत मुलं अडखळतात तीही तिथेच. वाचून ‘समजलं’ म्हणणं पुरेसं नाही, स्वाध्यायातली दहा उदाहरणं सोडवा. वाणिज्य असेल तर पुस्तपालनातल्या जर्नल नोंदी वीस-पंचवीस लिहून पाहा. कला असेल तर इतिहासाचा किंवा अर्थशास्त्राचा एक धडा वाचून, पुस्तक मिटून दीड पानाचं उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहा.

आठवडाभरात सगळं जमलं पाहिजे असं नाही. अडल्यावर मूल काय करतं ते बघा. उत्तर चुकल्यावर परत पान उलटून पाहतं, की चौथ्या दिवशी पुस्तक शोधावं लागतं? कल चाचणीपेक्षा हे जास्त सांगतं. राज्यात 2016 पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कल चाचणी होत असे. खासगी समुपदेशकांकडेही अशा चाचण्या मिळतात. मुलाला कशात रस आहे ते त्यातून कळतं. त्या विषयात दोन वर्षं रोज तीन तास बसण्याची तयारी आहे का, ते कळत नाही.

मराठी माध्यमातून विज्ञानाकडे जाणाऱ्यांनी याच आठवड्यात इंग्रजी पुस्तक वापरावं. सेमी-इंग्रजीच्या मुलांना ‘व्हेलॉसिटी’ आणि ‘कॉन्सन्ट्रेशन’ आधीच ओळखीचे असतात, मराठी माध्यमाच्या मुलाला वेग आणि संहती ठाऊक असते. हा फरक बुद्धीचा नाही. मे महिन्यात दोनशे शब्दांची वही केली तर कॉलेज सुरू झाल्यावर वर्गात मान खाली घालून बसावं लागत नाही.

कोणतं दार कशाने बंद होतं

‘सायन्स घेतलं की सगळी दारं उघडी’ हे वाक्य प्रत्येक सभेत कोणीतरी म्हणतंच. ते अर्धं खरं आहे. बारावी विज्ञानाची मुलगी पुढे बी.ए., बी.कॉम., कायदा कुठेही जाऊ शकते, उलटा प्रवास होत नाही. पण 48 टक्क्यांनी बारावी विज्ञान झालेल्या मुलीला चांगल्या कॉलेजात बी.कॉम.ची जागा मिळत नाही, आणि वाणिज्य घेतलं असतं तर कदाचित तिचे 80 आले असते. दार उघडं असून उंबऱ्यावर अडवणूक होते, ती अशी.

म्हणून करिअरच्या नावांची यादी करण्यापेक्षा विषयांच्या अटी पाहा. अभियांत्रिकीला बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित लागतं. आर्किटेक्चरलाही ते लागतं. वैद्यकीयला गणित नको, जीवशास्त्र हवं. बी.फार्म. गणित आणि जीवशास्त्र अशा दोन्ही गटांना खुलं आहे. सैन्य अधिकारी घडवणाऱ्या एनडीएत लष्करासाठी कोणतीही शाखा चालते, पण हवाई दल आणि नौदलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. सीए फाउंडेशन कोणत्याही शाखेच्या बारावीनंतर देता येतं. पाच वर्षांच्या कायद्यालाही शाखेची अट नाही. एमपीएससी-यूपीएससीच्या नागरी सेवांना कोणतीही पदवी पुरते, त्यामुळे ‘कलेक्टर व्हायचंय म्हणून सायन्स’ याला काही आधार नाही.

गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेणं हा पालकांचा आवडता तोडगा. निर्णय पुढे ढकलल्याचं समाधान मिळतं, पण किंमत मुलगा मोजतो. बारावीच्या फेब्रुवारीत त्याच्यासमोर बोर्ड, सीईटी (अभियांत्रिकीची प्रवेशपरीक्षा) आणि नीट अशा तीन तयाऱ्या असतात. दोन्ही विषय खरोखर आवडणारी मुलं असतात, पण थोडी. बाकीच्यांनी अकरावीची सहामाही होईपर्यंत एक सोडायचा, हे प्रवेश घेतानाच ठरवून ठेवावं.

डिप्लोमाबद्दल घरात फार कमी बोललं जातं, म्हणून थोडं सविस्तर. दहावीला किमान 35 टक्के असले की पॉलिटेक्निकला अर्ज करता येतो, अभ्यासक्रम तीन वर्षांचा. पुढे पदवी अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, तो डिप्लोमाच्या गुणांवर. म्हणजे 3 अधिक 3, एकूण सहा वर्षं. अकरावी-बारावी करून गेलं तरी 2 अधिक 4, सहाच. काळ तेवढाच, पण डिप्लोमावाल्याच्या हातात तिसऱ्या वर्षाअखेर नोकरीला चालणारी पात्रता असते. मोबदल्यात वैद्यकीय आणि शुद्ध विज्ञानाची वाट जवळपास बंद होते, आणि पहिल्या सत्रातलं गणित अकरावीइतकंच कठीण असतं. ‘अभ्यास नको म्हणून डिप्लोमा’ हा विचार इथेच फसतो.

आयटीआयचंही तेच. फिटर, इलेक्ट्रिशियन असे ट्रेड दोन वर्षांचे, वेल्डर एक वर्षाचा. दोन वर्षांचा ट्रेड केला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. हात चालणाऱ्या मुलाला जबरदस्तीने अकरावी विज्ञानात बसवून दोन वर्षं घालवण्यापेक्षा हा जिना बरा. दोन विषयांत नापास झालेल्यांना एटीकेटीवर (राहिलेले विषय नंतर सोडवण्याच्या सवलतीवर) अकरावीत प्रवेश मिळतो आणि जून-जुलैत पुरवणी परीक्षाही असते, हे निकालाच्या दिवशी रडणाऱ्या घराला कोणीतरी सांगावं लागतं.

वेळ आणि पैसा कागदावर

एका बाजूने दीड तास प्रवास असेल तर दिवसाचे तीन, सहा दिवसांचे अठरा तास. आठवड्याचे अठरा तास म्हणजे एका विषयाचा सगळा अभ्यास. घराजवळचं साधं कॉलेज आणि लांबचं नामांकित, यांत निवड करताना हा आकडा समोर असू द्या.

खर्च दोन वर्षांचा मांडा, एका वर्षाचा नको. कॉलेजचं शुल्क, क्लास, पास किंवा पेट्रोल, पुस्तकं, प्रवेशपरीक्षांचे अर्ज, आणि बाहेरगावी ठेवणार असाल तर खोली, मेस, महिन्यातून एकदा घरी येण्याचं भाडं. एकाच कॉलेजात अनुदानित, विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित तुकड्या असतात. त्यांचे कोड वेगळे आणि शुल्कही वेगळं. अर्जात कोड चुकला की फटका मोठा बसतो.

क्लासची संपूर्ण रक्कम एकरकमी भरू नका. केंद्र सरकारच्या जानेवारी 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कोचिंग मध्येच सोडल्यास उरलेल्या काळाचं शुल्क 10 दिवसांत परत द्यायचं असतं, पण पावती नसेल तर मागणार कशाच्या जोरावर? ‘इंटिग्रेटेड’ म्हणजे कॉलेजात फक्त नाव आणि दिवसभर क्लास, अशी व्यवस्था असेल तर एक प्रश्न विचारा: भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राला प्रत्येकी 30 गुणांचं प्रात्यक्षिक असतं, ते कुठे आणि किती वेळा होतं? बारावीतल्या एखाद्या मुलाचं प्रयोगांचं जर्नल बघायला मागा. सगळे प्रयोग एकाच शाईत, एकाच दिवशी उतरवलेले दिसले तर उत्तर मिळालं.

घरातली बैठक

तीन कागद घ्या. मुलाने, आईने आणि वडिलांनी एकमेकांना न दाखवता प्रत्येकी तीन पर्याय आणि प्रत्येकासमोर एक भीती लिहायची. मग एकत्र वाचायचं. भांडण बहुतेकदा पर्यायांवर नसतं, भीतीवर असतं. वडिलांच्या कागदावर ‘नोकरी लागणार नाही’, मुलीच्या कागदावर ‘नापास झाले तर बाबा बोलणार नाहीत’. पहिलीचं उत्तर माहितीने देता येतं, दुसरीचं बाबांनीच द्यायचं.

मित्राच्या मागे शाखा निवडणारी मुलंही बरीच असतात. त्यावर व्याख्यान देऊ नका. मित्राला प्रवेश मिळाला नाही असं समजून तोच कागद पुन्हा लिहायला सांगा.

पसंतीक्रम भरताना

2025-26 पासून अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रक्रिया संपूर्ण राज्यात लागू झाली. त्या वर्षीच्या नियमांत 1 ते 10 पसंती देता येत होत्या, आणि पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घेणं बंधनकारक होतं. न घेतल्यास पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाद. दुसऱ्या ते दहाव्या पसंतीचं मिळालं तर घेण्याची किंवा थांबण्याची मुभा होती. नियम दरवर्षी थोडे बदलतात, त्यामुळे त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचाच.

यावरून दोन गोष्टी ठरतात. पहिल्या क्रमांकावर असंच कॉलेज टाका जिथे उद्या खरंच जाल. ‘बघू लागतं का’ म्हणून टाकलेलं नाव गळ्यात पडतं. बाकी क्रम मनापासून जसा आहे तसाच द्या, कारण वाटप गुणांवर होतं, खाली टाकलेल्या सोप्या कॉलेजामुळे वरची संधी जात नाही. गेल्या वर्षीचा पहिल्या फेरीचा कट-ऑफ पाहून साधारण तीन नावं आपल्या गुणांपेक्षा वरची, चार आसपासची, तीन नक्की मिळतील अशी ठेवा. दहाही नावं वरची टाकणारा मुलगा 92 टक्के घेऊन तिसऱ्या फेरीपर्यंत घरी बसतो.

मुख्याध्यापकांसाठी

तुमचं काम नववीतच सुरू होतं. जनरल रजिस्टरमधलं नाव, जन्मतारीख आणि जात, जन्मदाखल्याशी आणि आधारशी ताडून पाहा, तेही दहावीचे बोर्डाचे अर्ज भरण्याआधी. शाळा सोडल्यावर दाखल्यातली दुरुस्ती फार किचकट होते, आणि एका वेलांटीपायी प्रवेश अडलेली मुलं दरवर्षी दिसतात.

दिवाळीच्या सुट्टीआधी पालकांना कागदपत्रांची यादी द्या: जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, उत्पन्न, अधिवास. जातीच्या दाखल्यासाठी लागणाऱ्या जुन्या पुराव्यांच्या तारखा फलकावर लिहा. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967. त्यापूर्वीचा आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला शोधायला गावी जावं लागतं, आणि जूनमध्ये सेतू केंद्रावर रांग असते.

जानेवारीत दोनशे पालकांची एक सभा घेण्यापेक्षा दहा-दहा कुटुंबांच्या वीस बैठका घ्या. मोठ्या सभेत प्रश्न फक्त पहिल्या रांगेतून येतात. शक्य असेल तर आयटीआय, डिप्लोमा, वाणिज्य आणि कला यांत शिकणारे आपल्याच शाळेचे माजी विद्यार्थी बोलवा. टॉपरला एखादे वर्षी नाही बोलावलं तरी चालेल. आणि कोणत्याही क्लासला शाळेच्या सभागृहात ‘मोफत मार्गदर्शन’ करू देऊ नका, तिथे मार्गदर्शन फक्त एकाच दिशेने होतं.

दिवाळीत पुन्हा तपासा

अकरावीच्या पहिल्या सत्राचे गुण कमी येतातच. दहावीत 92 असलेल्याला 60 आले म्हणून शाखा बदलायला धावू नका. दोन खुणा बघा: घटकचाचणीपेक्षा सहामाहीत सुधारणा आहे का, आणि मूल कॉलेजबद्दल घरी काही बोलतं का. दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर आधी वर्गशिक्षकांना भेटा, मग विषय बदलाचा विचार करा. गणिताऐवजी दुसरा विषय घेणं हे पूर्ण शाखा बदलण्यापेक्षा सोपं असतं. शाखाच बदलायची असेल तर पहिल्या काही आठवड्यांत हालचाल करावी लागते. दिवाळीनंतर बहुधा वर्ष संपवून, नव्याने अकरावीला प्रवेश घेण्याचाच मार्ग उरतो. त्यात एक वर्ष जातं. ते परवडेल का, हे मुलाला विचारूनच ठरवा.