खासगीपणावर स्वतःचं मत मांडायला मुलांना कसं शिकवावं

‘ऑनलाइन खासगीपणा’ असं फळ्यावर लिहिलं की नववीच्या वर्गातून ठरलेली उत्तरं येतात. पासवर्ड कुणाला सांगू नये. अनोळखी लिंक उघडू नये. ओटीपी देऊ नये. सगळं बरोबर आहे, पण यात मत एकही नाही. या सूचना आहेत. पुण्यात वक्तृत्व स्पर्धांना तोटा नाही, त्यामुळे आपली मुलं बोलायला कमी पडत नाहीत. अडतं ते पाठ केलेलं भाषण आणि स्वतःचं मत यांतल्या फरकापाशी. ज्याच्या विरुद्ध बाजूलाही शहाणा माणूस उभा राहू शकतो, ते मत. तिथवर पोचायला मला वर्गात चार तासिका लागतात. त्या कशा घ्यायच्या, ते सांगते.

प्रश्न आधी नीट निवडा

‘मोबाइल शाप की वरदान’ छापाचा प्रश्न नको. उत्तर खरोखर दोन्हीकडे जाऊ शकेल आणि मुलांच्या रोजच्या जगण्याला चिकटलेला असेल, असा प्रश्न हवा. सोसायटीच्या गेटवर प्रत्येक पाहुण्याचा फोटो आणि नंबर ॲपमध्ये साठवावा का? क्लासला गेलेल्या मुलाचं लोकेशन आईबाबांनी सतत पाहावं का? वर्गात कॅमेरा असावा का?

माझा कल शेवटच्या प्रश्नाकडे असतो. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतली अत्याचाराची घटना उघड झाली आणि राज्य सरकारने शाळांना सीसीटीव्ही सक्तीचे केले. म्हणजे कॅमेऱ्यामागे खरी भीती आहे, खरं दुःख आहे. कॅमेऱ्याला विरोध करणाऱ्या मुलाला त्या दुःखाला उत्तर द्यावंच लागतं, नुसतं ‘आम्हाला मोकळेपणा हवा’ म्हणून सुटका होत नाही. आणि पाठिंबा देणाऱ्याला सांगावं लागतं की चित्रण कोण पाहणार आणि किती दिवस ठेवणार.

एका दिवसाची वही

मुलांना एक दिवस नोंद ठेवायला सांगा: आज माझी माहिती कुणी, कशासाठी मागितली? लक्ष्मी रोडवर आईने कापड घेतलं तेव्हा बिलासाठी मोबाइल नंबर. टॉर्चच्या ॲपला लोकेशन. स्पर्धेच्या फॉर्मवर जन्मतारीख आणि वडिलांचा व्यवसाय. नोंदीत माहितीचा प्रकार लिहायचा. प्रत्यक्ष नंबर किंवा पत्ता लिहायचा नाही. मुलांचे फोनही मागू नका, पडद्यावर काय आहे ते दाखवायला लावू नका. खासगीपणा शिकवताना आपणच तो मोडला तर पुढच्या तासाला कुठल्या तोंडाने बोलायचं? ज्यांच्याकडे फोन नाही त्यांनी घरातल्या मोठ्यांना विचारावं.

‘माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही’

हे वाक्य वर्गात येतंच, आणि बहुतेक वेळा सगळ्यात हुशार मुलाकडून येतं. ते खोडून काढायची घाई करू नका. यावर एक पूर्ण तास गेला तरी चालेल.

मी विचारते, घरी खिडकीला पडदा का लावता? घरात चोरी चालली आहे म्हणून? डायरी दुसऱ्याने वाचलेली का चालत नाही? हळूहळू मुलं स्वतःच म्हणू लागतात की लपवणं वेगळं आणि कुणाला काय दाखवायचं हे आपण ठरवणं वेगळं. हा फरक त्यांच्या तोंडून यावा, आपण फळ्यावर लिहून देऊ नये.

मग मी उलटी बाजूही ठेवते. ‘ही आमची खासगी बाब’ या शब्दांआड अन्यायही झाकला जातो. १८९१ च्या संमतीवयाच्या, म्हणजे मुलीशी शरीरसंबंधासाठीच्या किमान वयाच्या, कायद्यावरून याच शहरात टिळक आणि आगरकर समोरासमोर उभे होते. परक्या सरकारने आमच्या घरात कायदा आणू नये, असं टिळकांचं म्हणणं; लहान मुलींचं रक्षण कायद्याने व्हायला हवं, असं आगरकरांचं. कायद्याने मुलींचं संमतीवय १० वरून १२ वर नेलं. हे उदाहरण ऐकल्यावर खासगीपणा नेहमीच चांगल्याच्या बाजूने असतो, हा समज ढिला होतो. तो व्हायलाच हवा.

मताला आधार द्या

माहितीचा मारा नको, दोन गोष्टी पुरतात. पहिली: २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. पण तो अमर्याद नाही. सरकारला त्यात हात घालायचा तर कायद्याचा आधार हवा, योग्य उद्देश हवा आणि उपाय उद्देशाच्या मानाने जास्त नको. कायदा, उद्देश, प्रमाण. हे तीन शब्द फळ्याच्या कोपऱ्यात राहू द्या, वादात मुलं आपणहून त्यांच्याकडे बोट दाखवतात.

दुसरी: २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा. त्यातच एक छान उदाहरण दिलं आहे. डॉक्टरी सल्ला देणारं ॲप फोनमधल्या संपर्कांची यादीही मागतं. सल्ल्यासाठी यादीची गरज नसल्यामुळे यादीसाठी दिलेली संमती धरली जात नाही. याच कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती ठेवली आहे. हे सांगितलं की वर्ग पेटतो. पेटू द्या.

आता लिहायला बसवा

चार वाक्यं, जास्त नाहीत: माझं मत, त्याचं कारण, वहीतला किंवा कायद्यातला पुरावा, आणि समोरच्याचा सगळ्यात बळकट मुद्दा. पहिल्या खर्ड्यात ‘वर्गात कॅमेरा नको कारण खासगीपणा महत्त्वाचा आहे’ असं येतं. शेजारी ‘कुणासाठी? कधी? त्याने काय बिघडतं?’ एवढंच लिहून वही परत द्या. दुसऱ्या खेपेला असं काही हाती लागतं: ‘जिन्यात आणि फाटकावर कॅमेरा हवा, वर्गात नको, कारण चुकीचं उत्तर द्यायला आधीच भीती वाटते आणि ते रेकॉर्ड होतंय म्हटल्यावर मी हातच वर करणार नाही.’ यात जागेचा फरक आहे, स्वतःचा अनुभव आहे, आणि वाद घालायला जागा आहे.

बाजू बदलून वाद

दहा मिनिटं स्वतःच्या बाजूने, पुढची दहा विरुद्ध बाजूने. नियम एकच: बोलण्याआधी समोरच्याचा मुद्दा आपल्या शब्दांत सांगायचा आणि तो ‘हो, हेच म्हणालो’ असं म्हणाला तरच पुढे जायचं. गुण देताना मी निम्मे या एका गोष्टीला देते. आवाज, हातवारे, सुविचार यांना काही नाही. मत बदललं तर गुण कापू नका, फक्त कशामुळे बदललं ते एका वाक्यात लिहून घ्या.

शेवटच्या तासिकेत अर्ज लिहून घ्या: मुख्याध्यापकांना किंवा सोसायटीच्या सचिवांना, एका पानाचा, ‘कॅमेऱ्याचं चित्रण किती दिवस ठेवलं जातं आणि ते कोण पाहू शकतं?’ एवढंच विचारणारा. सगळ्यांचे वाचून वर्गाने एक निवडावा, खाली सह्या कराव्यात आणि तो खरोखर कार्यालयात नेऊन द्यावा, पोच घेऊन.