बिंदू, रेषा आणि प्रतल यांची मुलांना ओळख कशी करून द्यावी

सहावीच्या आसपास भूमितीची सुरुवात करताना ‘बिंदूला लांबी, रुंदी, जाडी नसते’ हे वाक्य बहुधा पहिल्याच दिवशी फळ्यावर येते आणि मुले ते वहीत उतरवून घेतात. पुण्यात मुलांना गणित शिकवताना मला असे वाटत आले आहे, की या वाक्याने सुरुवात करू नये. त्याची गरज आधी मुलांना भासू द्यावी. ग्रीक गणितज्ञ युक्लिडने इसवी सनपूर्व ३००च्या सुमारास ‘ज्याला भाग नाही तो बिंदू’ अशी व्याख्या केली खरी, परंतु १८९९मध्ये जर्मन गणितज्ञ डेव्हिड हिल्बर्ट यांनी भूमितीची नव्याने मांडणी केली तेव्हा बिंदू, रेषा आणि प्रतल (सपाट पृष्ठभाग) यांच्या व्याख्या न देता त्यांचे परस्परसंबंध तेवढे सांगितले. शिकवतानाही या संबंधांपासून निघणे अधिक सोपे जाते.

कोऱ्या कागदावर जाड स्केचपेनने ज्वारीच्या दाण्याएवढे दोन ठिपके एकमेकांपासून चार बोटांवर काढावेत आणि दोन्ही ठिपक्यांतून जाणारी रेषा पट्टीने आखायला मुलांना सांगावे. एखादे मूल ठिपक्यांच्या वरच्या कडेने आखते, दुसरे मधून, तर तिसरे एकाच्या वरच्या कडेपासून दुसऱ्याच्या खालच्या कडेपर्यंत तिरके आखते. ‘दोन बिंदूंतून किती रेषा जातात?’ असे विचारल्यावर ‘तीन’ हे उत्तर आले, तर ते लगेच खोडून काढू नये, कारण समोरच्या कागदावर ते खरे आहे. आता टोक केलेल्या पेन्सिलीने बारीक ठिपके काढून तेच करायला सांगावे. पट्टी फिरवायला जागाच उरत नाही, हे मुलांच्या हातालाच कळते आणि ‘ठिपका अजून बारीक हवा’ असे त्यांच्यातलेच कोणीतरी म्हणते. बिंदूला आकारमान नसते, तो फक्त स्थान दाखवतो, हे सांगण्याची वेळ ही आहे. दोन भिन्न बिंदूंतून एक आणि एकच रेषा जाते, हा गुणधर्म टिकायचा असेल तर बिंदू असाच असावा लागतो.

स्थानाची कल्पना पक्की करण्यासाठी नकाशा घ्यावा. महाराष्ट्राच्या नकाशात पुणे हा एक ठिपका असतो, पण पुण्यापासूनचे अंतर मोजायचे तर पुण्यात नेमके कुठून, हे ठरवावे लागते. लष्कर भागात मुख्य टपाल कार्यालयाजवळचा शून्य मैलाचा दगड अशाच मोजणीसाठी आहे. त्या दगडावरही नेमकी जागा कोणती, हा प्रश्न मुले आपणहून विचारतात.

रेषेसाठी बांधकामावर जावे. गवंडी विटांचा थर सरळ यावा म्हणून दोन टोकांना खिळे ठोकून दोरी ताणतो. त्या दोन खिळ्यांमधली दोरी म्हणजे रेषाखंड. ती एका बाजूला अमर्याद वाढली अशी कल्पना केली तर किरण, आणि दोन्ही बाजूंना वाढली तर रेषा. आकृतीतील बाणांचा अर्थ हाच आहे.

प्रतलाला मात्र सवड द्यावी. गिलावा झाल्यावर गवंडी भिंतीवर सरळ पट्टी उभी, आडवी, तिरपी अशी सर्व बाजूंनी लावून पाहतो आणि कुठे फट दिसली की तिथे पुन्हा हात फिरवतो. प्रतलातील कोणत्याही दोन बिंदूंतून जाणारी रेषा पूर्णपणे त्या प्रतलातच असते, हा गुणधर्म तो तपासत असतो. पाण्याच्या गोल पिंपावर हीच पट्टी उभी लावली तर पूर्ण टेकते, आडवी लावली तर टेकत नाही. म्हणून पिंपाची बाजू प्रतल नव्हे. हा प्रयोग प्रत्येक मुलाला स्वतः करू द्यावा.

त्यानंतर घराच्या दाराकडे वळावे. दाराच्या तिन्ही बिजागऱ्या एका रेषेत असतात, म्हणजे ते तीन एकरेषीय बिंदू झाले, आणि तरीही दार हवे तसे फिरते. कारण एका रेषेतून अनंत प्रतले जातात. कडी लावली की दार एका जागी स्थिर होते, कारण कडी हा त्या रेषेबाहेरचा बिंदू आहे. तीन नैकरेषीय, म्हणजे एका रेषेत नसलेल्या, बिंदूंतून एकच प्रतल जाते, हे विधान दार दोनदा उघडून लावल्यावर समजावून सांगावे लागत नाही.

न छेदणाऱ्या रेषा समांतरच असतात, हा गैरसमज याच टप्प्यावर दूर करावा. पुण्यातल्या नळ स्टॉपच्या दुमजली पुलावर मेट्रोचा मार्ग आणि त्याखालचा वाहनांचा पूल समांतर जातात. पण तोच पूल आणि खालून निघणारा लॉ कॉलेज रस्ता एकमेकांना कुठेही मिळत नाहीत आणि समांतरही नाहीत, कारण ते एका प्रतलात नाहीत.

शेवटी मुलांना खोलीच्या कोपऱ्याशी बसवावे. दोन भिंती जिथे मिळतात तिथे एक रेषा दिसते, प्रत्येक भिंत जमिनीला मिळते तिथे आणखी एकेक. या तिन्ही रेषा जिथे एकत्र येतात तिथे बोट ठेवायला सांगावे आणि त्या जागेला लांबी, रुंदी, जाडी किती, हे त्यांनाच विचारावे.