पैसे घेऊन काढलेला फोटो आपलाच असतो असं समजू नका

फोटोग्राफी, सायनोटाइप (केमिकल लावून उन्हात उमटवलेली निळी प्रिंट), कापडावर प्रिंट, जमलं तर इन्स्टॉलेशन (जागेत मांडलेली कलाकृती), असं सगळं करायचं ठरवताय तर जरूर करा. कॅमेरा कुठला घेऊ हे मात्र विचारू नका, आहे तो चालतो. मला बोलायचंय ते लेखी करारावर, कारण मी तिथेच आपटले.

येवल्याला एका साडीच्या ब्रँडसाठी पैठणीच्या मागांचं शूट केलं होतं. तीन दिवस काम, पैसे वेळेवर, सगळे खूश. त्यातले विणकरांच्या हातांचे बारा फोटो डोक्यातून जाईनात, मग त्यांच्या मोठ्या निगेटिव्ह बनवल्या, सुती कापडाला केमिकल लावून उन्हात सायनोटाइप काढत बसले, चार महिने प्रत्येक रविवार त्यातच गेला. प्रदर्शनाचं पोस्टर टाकलं आणि दुसऱ्याच दिवशी ब्रँडचा मेल आला की फोटो आमचे आहेत, वापरायचे नाहीत.

मी तावातावाने वकिलाकडे गेले, क्लिक मी केलंय, रॉ फाइल्स (कॅमेऱ्यातल्या मूळ फाइल्स) माझ्याकडे आहेत, मग त्यांचे कसे? वकिलांनी कॉपीराइट कायदा, १९५७ मधलं कलम १७ वाचायला दिलं. कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन फोटो काढला आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक काम देणारा. तुम्ही नाही! पैसे घेऊन केलेल्या पेंटिंगलाही हेच लागू, त्यामुळे चित्रं काढणाऱ्यांनी निवांत राहू नये. कलम ५७ मुळे फोटो मी काढलाय हे सांगायचा हक्क राहतो, पण त्या हक्काच्या जोरावर प्रदर्शन भरवता येत नाही. मालिका गुंडाळून ठेवली. फार रडले तेव्हा.

म्हणून शूटच्या आधी, ॲडव्हान्स घेण्याच्याही आधी, एका पानावर लिहून सही घ्या: कॉपीराइट माझा, तुम्हाला वेबसाइट आणि सोशल मीडियासाठी अमुक वर्षं वापर, माझ्या कलाकृतींत मी हे फोटो वापरणार. "वेगळं काही ठरलेलं नसेल" यातलं ते वेगळं म्हणजे हेच पान. फोनवरच्या "हो हो, चालेल"वर विसंबू नका. विणकरांची संमतीही वेगळी घ्या, चेहरा आणि हात त्यांचे आहेत.

मी ज्या फोटोग्राफरकडे असिस्टंट होते, त्या सरांनी हे मला शिकवायला हवं होतं. वर्षभर मी त्यांचे लाइट उचलले पण एक बिल कधी बघायला मिळालं नाही. असिस्ट जरूर करा, पण कोटेशन आणि करार दाखवणाऱ्याकडेच. प्रीसेट (फोटो एडिटिंगच्या तयार सेटिंग्ज) विकणाऱ्या कोर्सवर पैसे घालवू नका.

आणि घाबरू नका, कागद पुढे केला म्हणून काम जात नाही. त्यानंतर एकाच क्लायंटने अडवलं, त्यांना सगळे हक्क हवे होते. मी दुप्पट रक्कम सांगितली, दोन दिवसांनी त्यांनी मान्य केली.