मेन स्विच सारखा पडतोय?
वायरमनला फोन लावण्याआधी शेजारी डोकावा. त्यांचीही वीज गेली असेल तर तक्रार महावितरणच्या १९१२ वर. नसेल तर कोरड्या हातांनी सगळे एमसीबी (बोर्डातले, दोष आला की आपोआप पडणारे छोटे स्विच) खाली करा, मेन वर करा आणि एकेक एमसीबी चढवत जा. (जळका वास येत असेल तर कशालाच हात लावू नका.) ज्याला मेन पडेल, दोष त्याच लाइनवर. तिथले प्लग काढून पुन्हा बघा. अनेकदा गिझरच सापडतो. तरीही पडतोय? मग वायरिंग तपासायला माणूस हवाच. जवळच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात विचारा, परवाना आहे ना तेही बघा. आणि नुसता ‘जास्त अँपिअरचा एमसीबी टाकून देतो’ म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. त्याने एमसीबी पडायचा थांबेल, पण वायर तापत राहील.