विंचवाचं बिऱ्हाड: व्हॅनमध्येच राहायचं ठरलं, तर वर्षाचा बेत कसा आखायचा?

मुंबईकराला प्रवास आखायची सवय असते ती रजेच्या हिशेबाने. शुक्रवारी रात्री निघायचं, तीन दिवसांत सात ठिकाणं उरकायची, मंगळवारी पुन्हा लोकल. मुलुंडचा फ्लॅट भाड्याने देऊन आम्ही दोघं कॅम्परव्हॅनमध्ये राहायला निघालो, तेव्हाची आमची पहिली यादीही अशीच होती: एका महिन्यात सव्वीस ठिकाणं. आठव्या दिवशी धुवायचे कपडे सीटखाली कोंबलेले, फ्रिजमध्ये एक टोमॅटो आणि दोघांत अबोला. मग ती यादी फाडली आणि दुसरी केली. ती ठिकाणांची नव्हती, मुक्कामांची होती. खाली सांगतो आहे ती दुसऱ्या यादीची पद्धत.

आधी घरच्या तारखा

भिंतीवरची दिनदर्शिका उतरवून टेबलावर घ्या आणि पेन्सिल घ्या. पेन नको, खोडावं लागतंच. ज्या दिवशी घरी असायलाच हवं, ते दिवस आधी खुणा करून ठेवा. आमच्याकडे पहिली खूण गणपतीची. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे गणेश चतुर्थी थेट १४ सप्टेंबरला आहे, म्हणजे आदल्या आठवड्यात गाडी मुंबईच्या टप्प्यात हवी. पेन्शन असेल तर नोव्हेंबरातला हयातीचा दाखला (तो आता मोबाइलवरूनही देता येतो), आईची डोळ्यांची तपासणी, भाचीचं लग्न, गाडीचा विमा, पीयूसी. या खुणांच्या मधल्या मोकळ्या जागा म्हणजे तुमचा प्रवास.

मग ऊन-पाऊस

व्हॅन म्हणजे पत्र्याचा डबा. एसी आहे ना, असं सगळे म्हणतात, म्हणून हिशेब मांडतो. आमची लिथियम बॅटरी १२ व्होल्ट, २०० अँपिअर-तासांची, म्हणजे जेमतेम २.४ युनिट. एक टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट खातो. दोन तासांत खेळ खलास. बाहेरून वीज मिळाली नाही, तर मे महिन्यातल्या रात्रीवर एकच उपाय, उंचीवर जाणं. हजार मीटर चढलं की तापमान साडेसहा अंशांच्या आसपास उतरतं. म्हणून एप्रिल-मे डोंगरात काढायचे.

बाकीच्या महिन्यांचं गणितही असंच. नोव्हेंबर ते जानेवारी कच्छ आणि राजस्थान. तामिळनाडूत ऑक्टोबर ते डिसेंबर परतीच्या वाऱ्यांचा पाऊस असतो, आपल्याकडचं लख्ख आकाश बघून तिकडे पळू नका. दक्षिण जानेवारीच्या मध्यानंतर. चारधामच्या रस्त्यावर यात्रेच्या दिवसांत मोठी गाडी नेणं म्हणजे स्वतःला आणि दुसऱ्यांना ताप, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न पावसाळ्याचा. लडाख पर्जन्यछायेत, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये तिथे कोरडं असतं, पण वाटेत मंडी-कुलूकडे दरडी कोसळतात. जायचं तर पाऊस हिमाचलात पोचण्याआधी जूनमध्ये वर चढा, सप्टेंबर सरताना उतरा आणि गणपतीला लेहहून विमानाने या. पहिल्या वर्षी मात्र हे धाडस नको. आम्ही पहिला पावसाळा फलटण-म्हसवड-सांगोला पट्ट्यात काढला. सह्याद्रीच्या आडोशाला पाऊस बेताचा, मुंबईपासून फलटण दोनशे साठ किलोमीटर, आणि बाजारात भाकरीला ताजं पीठ.

पाण्याचं चक्र

खरा बेत ठरवते ती पाण्याची टाकी. आमची ९० लिटरची. निघण्याआधी एक शनिवार-रविवार सोसायटीच्या पार्किंगमध्येच गाडीत राहिलो (वॉचमन दर दोन तासांनी येऊन ‘साहेब, वर लाइट गेली का’ विचारायचा) आणि प्रत्येक वापर मग्याने मोजला. पिण्याला आठ लिटर, स्वयंपाकाला चार, अर्ध्या-अर्ध्या बादलीच्या दोन आंघोळींना सोळा. भांड्यांना आम्ही पाच धरले होते. एक कुकर, त्यातले दोन डबे, पिठल्याचं पातेलं आणि तवा घासताना पंधरा गेले. मग पिठलं खरवडून पुसायचं, आधी कागदाने, मग ओल्या फडक्याने, शेवटी पाणी. आकडा आठवर आला. एकूण छत्तीस. म्हणजे टाकी अडीच दिवसांची.

शौचालयाची कॅसेट, म्हणजे खालची काढता येणारी मैल्याची टाकी, तीही दोघांत तीन दिवसांत भरते. अमेरिकेत आरव्ही म्हणजे राहायच्या गाड्या, त्यांच्या पार्कमध्ये पाणी, वीज आणि सांडपाणी या तिन्हींचे जोड तयार असतात. आपल्याकडे ते गृहीत धरू नका. कॅसेट रिकामी करायची ती सेप्टिक टँकला जोडलेल्या संडासात, मालकाला विचारून, नंतर दोन बादल्या पाणी ओतून. गटारात किंवा ओढ्यात नाही.

तेव्हा दर तिसऱ्या दिवशी नळ आणि संडास मिळेल असा मुक्काम दिनदर्शिकेवर गोलात लिहा. हे गोल म्हणजे बेताचे खांब. मधले दिवस कुठेही जावोत.

अंतर

तिकडच्या आरव्हीवाल्यांचा एक ३-३-३ नियम आहे: दिवसाला तीनशे मैलांपेक्षा जास्त नाही, दुपारी तीनपर्यंत मुक्कामी, तिथे निदान तीन रात्री. तीनशे मैल म्हणजे ४८० किलोमीटर, आपल्या रस्त्यांवर ते अघोरी. आम्ही त्याचे दीडशे किलोमीटर केले, बाकीचे दोन्ही ‘तीन’ तसेच ठेवले. दुपारी तीनचा तर धर्म म्हणून पाळा. उजेडात जागा कळते: जमीन सपाट आहे का, वर फांदी किती खाली आली आहे, शेजारी लग्नाचं कार्यालय तर नाही ना.

पैशांचं गणितही यातच येतं. आमची गाडी लिटरला दहा किलोमीटर देते. महिन्याला आठशे किलोमीटर म्हणजे ऐंशी लिटर. डिझेल नव्वद रुपये धरलं तर ७,२०० रुपये. सव्वीस ठिकाणांची यादी महिनाभर पाळली असती, तर याच्या तिप्पट गेले असते.

मुक्काम कुठे

महामार्गावरचे मोठे धाबे आणि पेट्रोल पंप एका रात्रीपुरते चांगले, पण ट्रकचालकांच्या ओळीत इंजिनं रात्रभर घुरघुरतात. निवांत मुक्कामासाठी एमटीडीसीची, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाची रिसॉर्टं, शेतघरं, देवस्थानांचे वाहनतळ. शेगाव, अक्कलकोट किंवा नांदेडच्या गुरुद्वाऱ्यासारख्या ठिकाणी भाविकांची राहण्या-जेवणाची सोय असते. आपण आधी जाऊन नमस्कार करायचा आणि गाडी कुठे लावू, असं विचारायचं. सणाच्या आणि यात्रेच्या दिवसांत तिथे गर्दीचा त्यांना ताण असतो, तेव्हा टाळा. जंगलाच्या हद्दीत परवानगीशिवाय रात्र काढू नका.

उंची

गाडीची उंची मोजताना छपरावर आडवी फळी ठेवा आणि जमिनीपर्यंत टेप सोडा. कागदावरच्या आकड्यात सोलर पॅनेल आणि छपराचा पंखा धरलेला नसतो. आम्ही कागदावर विसंबलो. सुरतेच्या अलीकडे रेल्वेखालच्या भुयारी मार्गापाशी उंचीची लोखंडी कमान होती, पंख्याचं झाकण तिथेच राहिलं. आता स्टिअरिंगशेजारी पट्टी चिकटवली आहे: ३.१ मीटर, १० फूट २ इंच. दाभोळ-धोपावे किंवा वेश्वी-बागमांडल्याची फेरीबोट घेणार असाल तर हाच आकडा आणि वजन आधी विचारून घ्या. घाटांत वरंध पावसाळ्यात बऱ्याचदा बंद असतो, माळशेजला दगड येतात.

कागद

थोडक्यात सांगतो. फास्टॅग, विमा, पीयूसी, आरसी. महाराष्ट्राची गाडी दुसऱ्या एकाच राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर तिथे नव्याने नोंदणी करावी लागते, म्हणून राज्यं बदलत राहा. अरुणाचल, नागालँड, मिझोराम, मणिपूरला इनर लाइन परमिट, म्हणजे बाहेरच्यांसाठीचा प्रवेश-परवाना लागतो. टपाल कुठे येणार ते ठरवा. आमचं बहिणीकडे ठाण्याला येतं.

पहिला पट्टा

सुरुवातीला सहा आठवड्यांपलीकडचं काही पक्कं करू नका, पुढचं पेन्सिलीत राहू द्या. मुंबईहून कच्छ हा पहिल्यासाठी उत्तम पट्टा. भूजपर्यंत सुमारे साडेआठशे किलोमीटर, रस्ता बहुतेक सपाट आणि रुंद. मुक्काम असे: बोर्डी, नवसारी, चांपानेर, नल सरोवर, रानगाढवांसाठी छोटं रण, भूज, मग परवाना घेऊन धोर्डोचं पांढरं रण आणि शेवटी धोळावीरा. पौर्णिमा धोर्डोला यावी अशी मागे मोजत तारीख काढा.

निघायच्या दिवशी दहिसर पहाटे पाचच्या आत सोडा, नाहीतर घोडबंदरच्या फाट्यापासून ट्रकच्या मागे सरपटत जाल. बोर्डी मुंबईहून दीडशेच्या आत आहे. नऊपर्यंत पोचलात की सुरूच्या सावलीत चहा ठेवा, आणि टाकी भरलेली असली तरी चिकूच्या एखाद्या वाडीत जाऊन विचारून या, परवा सकाळी नळाला पाइप लावू का म्हणून.