सिंगल-कट इलेक्ट्रिक गिटार घेताय? कोकणातल्या बँडवाल्यांनो, या चुका टाळा

दुकानात गिटार आवडते ती एकट्याने वाजवताना. अ‍ॅम्पवर भरपूर रिव्हर्ब, थोडं डिस्टॉर्शन, स्टुलावर बसून ओळखीचे दोन रिफ, आणि सौदा पक्का. मग तीच गिटार गणपतीत मांडवातल्या कार्यक्रमाला बाहेर निघते. शेजारी कीबोर्ड, ऑक्टापॅड, ढोलकी, बेस आणि दोन गायक. पहिल्याच गाण्यात गिटारवाला साउंडवाल्याकडे बघून ‘आवाज वाढव’ अशी खूण करायला लागतो. कोकणात त्यात आणखी दोन गोष्टींची भर पडते, खारी दमट हवा आणि भरवशाची नसलेली वीज. या तिन्हींचा विचार पैसे मोजण्याआधी करायचा असतो. तो न केल्याने कुठे अडतं, आणि अडलंच तर काय करता येतं, ते लिहितो.

‘सिंगल-कट’ एवढंच ठरवून दुकानात जाऊ नका

वरच्या फ्रेटपर्यंत (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) हात जावा म्हणून बॉडीला एकाच बाजूने खाच दिलेली, ती सिंगल-कट. पण या एका आकारात दोन अगदी वेगळी घराणी आहेत. फेंडरने १९५० मध्ये ब्रॉडकास्टर आणली आणि १९५१ मध्ये तिचं नाव टेलिकास्टर झालं. गिब्सनची लेस पॉल १९५२ ची. टेलीची नेक, म्हणजे लांब दांडा, स्क्रूने बसवलेली, स्केल (तारेची वाजणारी लांबी) साडेपंचवीस इंच, पिकअप (तारेचा आवाज उचलणारं चुंबक) सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याचा. लेस पॉलची बॉडी महोगनीची, वर मेपलचा थर, नेक चिकटवलेली, स्केल पावणेपंचवीस इंच. सेथ लव्हर यांनी गिब्सनमध्ये तयार केलेला हमबकर, म्हणजे घूं आवाज मारणारा दोन वेटोळ्यांचा पिकअप, या गिटारवर १९५७ पासून बसायला लागला. आज बाजारात मिळणाऱ्या सिंगल-कट, मग त्या एपिफोन असोत, स्क्वायर असोत की पीआरएस एसई, बहुतेक यापैकी एका घराण्याकडे झुकलेल्या असतात.

तुमच्या बँडमध्ये कोण काय वाजवतं, यावर घराणं ठरवा. बँडमध्ये कीबोर्ड नसेल आणि तुम्ही एकटेच गिटारिस्ट असाल, तर लेस पॉल घाटाची गिटार मधली जागा छान भरून काढते. कीबोर्डवाला दोन्ही हातांनी भरगच्च वाजवत असेल तर टेली घ्या. तिचा टोकदार आवाज त्या गर्दीतूनही वर येतो. मात्र लीडला बेंजो असेल तर हेच गणित उलटतं. बेंजोचा करकरीत आवाज आणि टेलीचा ब्रिज पिकअप (तारा बॉडीवर टेकतात तिथला) एकाच जागेसाठी भांडतात. तिथे हमबकर बरा. दोन गिटारिस्ट असतील तर दोघांनी एकाच घराण्याची गिटार घेऊ नये, हे माझं ठाम मत आहे.

जाड आवाजाच्या मोहात पडू नका

सर्वात जास्त दिसणारी चूक हीच, म्हणून इथे जरा थांबतो. लेस पॉल घाटाच्या गिटारवर नेक पिकअप (नेककडचा) लावून एकट्याने वाजवलं की आवाज गुबगुबीत आणि गोड लागतो. बँडमध्ये तोच आवाज बुडतो. गिटारची जाड ई तार ८२ हर्ट्झला वाजते. बेसची जाड तार तिच्या एक सप्तक खाली, ४१ हर्ट्झला. कीबोर्डचा डावा हात आणि ढोलकीचा धुमा (जाड आवाजाची बाजू) हेही खालच्याच भागात. साधारण २०० ते ४०० हर्ट्झच्या पट्ट्यात सगळेच गर्दी करतात आणि तिथे चिखल होतो.

कुडाळजवळच्या एका बँडची तालीम ऐकायला गेलो होतो. गिटारवाल्याने नवी कोरी सिंगल-कट घेतलेली, आणि गाणं सुरू झालं की ती ऐकूच येत नव्हती. अ‍ॅम्पवर बेस ७ वर, मिडल ३ वर, गेन (आवाज फाटवणारं बटण) टोकाला. आधी बेस ३ वर आणला, मिडल ६ वर नेला, गेन निम्म्यावर. मग बारीक स्क्रू-ड्रायव्हरने नेक पिकअपच्या दोन्ही बाजूंचे स्क्रू अर्धा-अर्धा फेरा फिरवून पिकअप खाली उतरवला. पुन्हा वाजवून पाहिलं, आणखी अर्धा फेरा. तिसऱ्या वेळी नेक आणि ब्रिज पिकअपचा आवाज सारखा झाला. शेवटी कीबोर्डवाल्याला विनंती केली की अंतऱ्यात डावा हात उचल. त्यानंतर अ‍ॅम्पचा आवाज कमी करूनही एकेक कॉर्ड सुटा ऐकू येत होता. नवीन काहीच विकत घ्यावं लागलं नाही.

म्हणून दुकानात रिव्हर्ब शून्यावर न्या, गेन कमी ठेवा, आणि शक्य असेल तर बेसवाल्या मित्राला बरोबर न्या. कॉइल स्प्लिट असलेलं मॉडेल मिळालं तर ते बघा. टोनचं किंवा व्हॉल्यूमचं बटण वर ओढलं की हमबकरची एक कॉइल बंद होते आणि आवाज पातळ होतो. पूर्ण टेलीसारखा होत नाही, पण गाण्यामागे रिदम वाजवायला पुरतो.

चार बटणांच्या गिटारवर एक तक्रार हमखास येते. स्विच मध्यावर ठेवून एका पिकअपचा व्हॉल्यूम शून्यावर नेला की सगळाच आवाज बंद होतो. गिटार बिघडलेली नसते, नेहमीचं वायरिंगच तसं असतं. शून्यावर न नेता थोडा व्हॉल्यूम ठेवून मिश्रण करा. व्हॉल्यूम कमी केल्यावर आवाज मंद आणि झाकलेला वाटत असेल, तर ‘फिफ्टीज वायरिंग’ करून घ्या. टोनच्या कपॅसिटरची एक जोडणी बदलण्याचं काम आहे. आकृती दाखवली तर सोल्डरिंग येणारा कुठलाही रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाला ते करून देईल.

गायकाची पट्टी विसरू नका

आपल्याकडे गायक ‘काळी दोन’, ‘काळी चार’ असं सांगतो आणि गिटारवाला कॅपो (पट्टी चढवायचा नेकवरचा चिमटा) शोधत बसतो. म्हणून अनेक बँड गिटार अर्धा स्वर उतरवून लावतात. मग मोकळा ई कॉर्ड काळी दोनला बसतो आणि ए कॉर्ड काळी चारला. सोय चांगली आहे, पण लेस पॉलचं स्केल आधीच आखूड. त्याच जाडीच्या तारेवर टेलीपेक्षा ताण कमी, आणि वर अर्धा स्वर उतरवलेली. अशा गिटारवर ९ नंबरचा सेट (सर्वात बारीक तार इंचाच्या नऊ हजारांश जाडीची) लावला तर तारा लुळ्या पडतात, जोरात वाजवलं की आघातालाच सूर वर जातो आणि फ्रेटवर तार करकरते. १० ते ४६ चा सेट कमीत कमी धरा. कायम उतरवूनच वाजवत असाल तर ११ चा. जाडी बदलल्यावर ट्रस रॉड (नेकमधली बाक सांभाळणारी सळई) आणि इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर येणं) पुन्हा बघावं लागतं. हे आयत्या वेळी, कार्यक्रमाच्या दुपारी करू नका.

‘जी’ (G) तार उतरते म्हणून खुंट्या बदलू नका

लेस पॉल घाटात हेडस्टॉकवर तीन-तीन खुंट्या असतात. त्यामुळे डी आणि जी या तारा नटमधून (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) बाहेर पडताना बाजूला वळतात. खाच अरुंद किंवा खरखरीत असेल तर तार तिथे अडकते. सूर लावताना ‘टिंग’ असा बारीक आवाज येऊन सूर एकदम उडी मारत असेल, तर दोष बहुतेक वेळा नटचा असतो. दुकानातच तपासा. सूर लावा, जी तार दोन-तीनदा पूर्ण स्वर ओढा, ट्यूनर बघा. सूर फिरला असेल तर त्या खाचेत शिसपेन्सिलीची टोकदार कांडी घासा, तार परत बसवा, पुन्हा तपासा. सुधारलं तर खाच नीट करून घेतली की काम झालं. याऐवजी लोक नव्या खुंट्या मागवतात आणि तार तशीच उतरत राहते.

उभं राहून वाजवा

लेस पॉल घाटाची भरीव गिटार चार किलोच्या आसपास असते, कधी त्याहून जड. हळदीचा कार्यक्रम तीन-साडेतीन तास चालतो. दुकानात पट्टा मागून घ्या आणि वीस मिनिटं उभं राहून वाजवा. पट्टा रुंद घ्या. सतराव्या फ्रेटच्या वर बोटं कशी जातात तेही याच वेळी बघा, कारण या घाटात नेकचा सांधा जाड असतो. आतून पोकळी ठेवलेली हलकी मॉडेल्स मिळतात, बँडसाठी त्यांत मला काही कमी वाटत नाही.

खाऱ्या हवेला न टिकणारी सजावट नको

सोनेरी हार्डवेअर फोटोत देखणं दिसतं. मालवण, वेंगुर्ला, हर्णै, अलिबागच्या हवेत आणि घामात तो पातळ मुलामा लवकर उडतो. क्रोम जास्त टिकतं. ब्रिजवरचे इंटोनेशनचे बारीक स्क्रू दुकानातच एकदा फिरवून घ्या, आणि घरी दर दोन-तीन महिन्यांनी टूथपिकच्या टोकाने मशीन ऑइलचा थेंब द्या. गंज धरलेला स्क्रू तुटला की तेवढ्यासाठी ब्रिज बदलावा लागतो. तारा कोटिंगवाल्या घ्या. महाग वाटतात, पण किनाऱ्यावर साध्या तारांपेक्षा कितीतरी जास्त चालतात.

व्हॉल्यूमचं बटण फिरवताना खरखर आली तर ते फेकू नका. मागचं झाकण उघडून पॉटच्या (बटणाखालचा फिरणारा भाग) फटीत काँटॅक्ट क्लीनर मारा आणि बटण वीस-तीसदा फिरवा. केबल हलवल्यावर आवाज जात असेल तर जॅकचा नट सैल झालेला असतो. बाहेरून पान्याने नुसता आवळला तर आतला जॅकही फिरतो आणि वायर तुटते. जॅक आतून धरा, मग आवळा.

बहुतेक कंपन्या गिटारसाठी ४५ ते ५५ टक्के आर्द्रता चांगली मानतात. आपल्याकडे जुलैत ती ऐंशीच्या वर असते. पावसाळ्यात गिटार भिंतीवर टांगू नका. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवून बंद करा, पुड्या महिन्याने बदला. जूनमध्ये नेक थोडी हलणारच. त्यामुळे पावसाळ्याच्या तोंडावर एक आणि दिवाळीनंतर एक, असे वर्षाला दोन सेटअप (नेक, तारा आणि सूर जुळवून घेणं) धरून चाला. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर जाड तार दाबून धरली की सातव्या-आठव्या फ्रेटवर साधारण पाव मिलिमीटर फट असावी. ट्रस रॉड एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नका.

घूंऽऽ आवाज आणि शॉक

सिंगल कॉइल पिकअप मांडवातल्या डिमरचा आणि वायरिंगचा आवाज उचलतो. बऱ्याच नव्या टेलींमध्ये स्विच मध्यावर ठेवला की दोन पिकअप मिळून तो आवाज मारतात. सतत लाइटिंगखाली वाजवणार असाल तर हमबकर असलेली टेली बघा. तारांना हात लावल्यावर घूं कमी होत असेल तर गिटार ठीक आहे. हात लावून काहीच फरक पडत नसेल तर ब्रिजची ग्राउंड वायर सुटली का ते तपासा.

शॉकची गोष्ट मात्र जिवाशी आहे. गिटारच्या तारा केबलमधून अ‍ॅम्पच्या अर्थशी जोडलेल्या असतात, आणि माइकची जाळी मिक्सरच्या अर्थशी. अ‍ॅम्प एका घरातून आणि मिक्सर जनरेटरवर, किंवा एकाला अर्थच नाही, असं झालं की तारांवर हात आणि माइकला ओठ लागल्याक्षणी करंट तुमच्या अंगातून जातो. जांभ्या खडकातली अर्थिंग उन्हाळ्यात कोरडी पडते, त्यामुळे तीन पिनचं सॉकेट दिसलं म्हणून खात्री धरू नका. सगळी वाद्यं आणि साउंड एकाच बोर्डवरून घ्या. घूं जातो म्हणून प्लगची अर्थ पिन कुणी काढत असेल तर त्याला तिथेच थांबवा. गाण्याआधी मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक तारेला आणि एक माइकच्या जाळीला लावा. आकडा शून्याच्या जवळ हवा. तो दहा-वीसच्या वर दिसला तर इलेक्ट्रिशियनने दुरुस्त करेपर्यंत वाजवू नका, आयोजक कितीही घाई करोत. गिटारला वायरलेस लावलं की तारा आणि अ‍ॅम्प यांच्यातली ही जोडणीच तुटते. गाता गाता वाजवणाऱ्याने पेडलवर खर्च करण्याआधी ते घ्यावं.

मऊ बॅगेत लेस पॉल नेऊ नका

गिब्सन लेस पॉलचा हेडस्टॉक साधारण १७ अंश मागे कललेला असतो, आणि ट्रस रॉडच्या नटसाठी नेमकं तिथलंच लाकूड कोरलेलं असतं. गिटार उताणी पडली की तिथेच मोडते. एसटीच्या रॅकवर किंवा गणपतीतल्या गर्दीत कोकण रेल्वेच्या जनरल डब्यात मऊ बॅग म्हणजे जोखीम. हार्ड केसचे पैसे गिटारच्या बजेटमध्येच धरा. तेवढे नसतील तर टेली घ्या. तिचा हेडस्टॉक सरळ असतो आणि स्क्रूची नेक गरज पडली तर बदलता येते. फ्रेटचं आणि नेकचं काम करणारा कारागीर आपल्याकडे सहज सापडत नाही, पणजी, पुणे किंवा मुंबई गाठावी लागते, हेही या हिशेबात धरा.

सेकंडहँड घेताना

स्वस्तात ‘गिब्सन’ मिळत असेल तर ट्रस रॉडचं झाकण बघा. खऱ्या लेस पॉलवर त्याला दोन स्क्रू असतात, नकलांवर पुष्कळदा तीन. पण दोन स्क्रू दिसले म्हणून लगेच खरी समजू नका, सिरीयल नंबर कंपनीकडून पडताळून घ्या. नटच्या मागच्या बाजूला टॉर्च तिरपा धरा. मोडून चिकटवलेली नेक असेल तर पॉलिशखाली केसासारखी रेघ दिसते. नीट चिकटवलेली गिटार वर्षानुवर्षं वाजते, पण किंमत त्या मानाने कमी झाली पाहिजे. मग मागचं झाकण उघडा. पॉट आणि स्विचवर हिरवट बुरशीसारखा थर असेल तर ती गिटार समुद्राजवळ उघडी राहिलेली आहे, आणि सगळं वायरिंग बदलायचा खर्च किमतीतून वजा करून मागा. विकणारा झाकण उघडू देत नसेल तर ती गिटार घेऊ नका.